एक पायात, एक बॅगेत

मनालीची सहल दोनदा ठरली होती आणि दोन्ही वेळा प्रज्ञेशच्या कंपनीतल्या कामापायी रद्द झाली होती. २००७ च्या मे महिन्यात ती एकदाची पक्की झाली, तेव्हा त्याच्या बायकोने, शर्मिलाने, कामांची वाटणी केली. तिकिटं, हॉटेल, औषधं, दोघांचे कपडे भरणं तिच्याकडे. प्रज्ञेशने फक्त स्वतःचे बूट निवडायचे.

"दोनच जोड," ती म्हणाली. "एक पायात, एक बॅगेत."

हिंजवडीत टीम लीड असलेल्या माणसाला (हाताखाली अकरा जण, घरात एकही नाही) हे काम किरकोळ वाटायला हवं होतं. पण प्रज्ञेश वाघमारेने ते फारच मनावर घेतलं. कंपनीची बस वाकडच्या चौकात अडकली, की तो यादी काढून बसे. बर्फासाठी ट्रेकिंगचे. चालायला स्पोर्ट्स शूज. पाऊस आलाच तर फ्लोटर्स. हॉटेलात जेवायला काळे फॉर्मल. शिवाय लोफर्स. ते कशासाठी, हे त्याला शेवटपर्यंत सुचलं नाही, पण ते नवे होते.

शनिवारी त्याने धायरीच्या फ्लॅटमध्ये पाचही जोड हॉलभर मांडले. पोस्टातून निवृत्त झालेले त्याचे वडील, रावसाहेब, पेपर खाली करून बघत राहिले.

"हे सगळे माझेच आहेत, बाबा."

"असं होय. मला वाटलं, पाहुणे आलेत."

कुठलाही जोड गाळवेना. शेवटी प्रज्ञेशने मार्ग काढला. त्याच्या कंपनीने दोन दिवाळ्यांना अगदी सारख्या दोन काळ्या बॅगा दिल्या होत्या. एकीत शर्मिलाने त्याचे कपडे भरले होते. दुसरीत त्याने गुपचूप चार जोड भरले, पाचवा पायात.

निघायच्या दिवशी "गाडी आली का बघतो" म्हणून तो बुटांची बॅग घेऊन आधीच खाली गेला आणि ती डिकीत आतवर सारून उभा राहिला. मागून शर्मिला स्वतःची लाल बॅग घेऊन आली.

"तुझी बॅग ठेवलीस?"

"ठेवली."

"मग चल."

लोहगावला पोचेपर्यंत प्रज्ञेशला एकच घोर होता, की शर्मिलाने ती बॅग उचलून बघू नये. कपड्यांची बॅग वर हॉलमध्ये सोफ्याआडच राहिली आहे, हे त्याच्या डोक्यातही आलं नाही. विमानतळावर बुटांची बॅग त्याने स्वतः उचलली, दिल्लीला स्वतः उतरवली, मनालीच्या बसमध्ये तर हमालालाही हात लावू दिला नाही. शर्मिला हे सगळं बघत होती आणि वाटेत तिचं बोलणं कमी कमी होत गेलं.

हॉटेलच्या खोलीत शिरल्यावर ती म्हणाली, "उघड ती बॅग."

"आधी चहा घेऊ."

"उघड."

त्याने चेन ओढली. फॉर्मल, लोफर्स, फ्लोटर्स, ट्रेकिंगचे. चड्डी-बनियनसुद्धा नाही. शर्मिला पलंगावर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

"बूट आहेत होय," ती म्हणाली. "मला वाटलं, लॅपटॉप आणलायस. पुण्यापासून जीव टांगणीला लागलाय माझा."

प्रज्ञेश इतका सुखावला, की आपल्याला सहा दिवस काय घालायचं हा प्रश्न त्याला चहा संपल्यावर पडला. तेवढ्यात रावसाहेबांचा फोन आला. "तुझी एक बॅग इथे आहे. मुद्दाम ठेवलीस की विसरलास?"

"विसरलो, बाबा."

"बरं. विसरला असशील तर काही बोलत नाही."

मनालीच्या बाजारात आतले कपडे मिळाले, एक पँट मिळाली. त्याच्या मापाचा स्वेटर मात्र एकच निघाला, गुलाबी, छातीवर बदकांची रांग विणलेला. तो घालून प्रज्ञेश सहा दिवस हिंडला. पायातले बूट मात्र जागेप्रमाणे, वेळेप्रमाणे बदलत होते. बर्फात, देवदारांखाली, नदीकाठच्या खडकावर तो एक पाय जरा पुढे टाकून उभा राही आणि शर्मिला मन लावून फोटो काढी.

पुण्याला आल्यावर तिने ते सगळे फोटो धुऊन आणले. रावसाहेबांनी चष्मा लावून एकेक निरखला. सत्तेचाळीस फोटो, सत्तेचाळीस वेळा बदकं.

"छान आलेत," ते म्हणाले. "पण हा सगळीकडे गुडघ्यापर्यंतच आहे. बूट एकाही फोटोत नाहीत."

"एवढे बूट कॅमेऱ्यात कुठे मावणार, बाबा," शर्मिला म्हणाली.