दारातलं धरत नाही

आमचे शेजारी भाटकर दारात बोललेलं धरत नाहीत. तुम्ही फाटकात उभं राहून ‘घरात चोर शिरलाय’ असं ओरडलात, तरी ते शांतपणे म्हणतील, "आत या, बसा, मग पुन्हा सांगा."

ही त्यांना कामामुळे लागलेली सवय. भाटकर घरी बसून कॉम्प्युटरवर खोटा वारा तयार करतात. कुठे पूल किंवा उंच इमारत व्हायची असली की तिच्यावर वारा कसा आदळेल, ते आधी कॉम्प्युटरवर पाहतात. त्यासाठी चित्राच्या एका कडेनं वारा आत सोडावा लागतो. खरा वारा जमिनीला घासत, झाडांत अडखळत, भोवरे घेऊन येतो. बनावट वाराही तसाच हवा. "कडेवर सगळंच खोटं असतं, साळवी. थोडं अंतर चालू द्यावं, मग खरं काय ते दिसतं." माणसांनाही त्यांनी हाच नियम लावलाय. आमची सौ. त्यांना ‘वारेवाले’ म्हणते. बायको गेल्यापासून त्यांच्या घरात ते आणि दोन कॉम्प्युटर.

मांडवीत आमचं घर समुद्राच्या बाजूला आणि त्यांचं बरोबर आमच्या मागे. यंदा मी गच्चीवर पत्र्याची शेड घातली. बावीस पत्रे. तेवढ्यात वादळाचा इशारा आला आणि माझी झोप उडाली. पत्रे उडाले तर थेट भाटकरांच्या कौलांवर. शेड घालणाऱ्याला फोन केला, तर तो म्हणाला, "काय उडत नाय वो, बिनधास्त ऱ्हावा." ते ऐकून मी जास्तच घाबरलो आणि भाटकरांकडे धावलो. सगळं दारात सांगितलं, मग आत बसून पुन्हा सांगितलं. शेडची मापं मी मिलिमीटरमध्ये दिली. त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे आदरानं पाहिलं.

सकाळी गेलो तर त्यांचा चेहरा पडलेला.

"शेड टिकतेय," ते म्हणाले.

"मग उत्तम झालं की!"

"उत्तम कसलं? वारा तुमच्या घरापर्यंत पोचतच नाहीये. वाटेतच मरतोय."

घाईत त्यांनी वाऱ्याला जागोजागी सुटे झटके दिले होते. एकाचा शेजारच्याशी संबंध नाही. "जत्रेत प्रत्येकानं भलतीकडे ढकललं तर कुणी पुढे सरकतं का? एकमेकांना धरून आले की रेटा येतो. भोवरे तसे यायला हवेत."

दुपारी फोन आला. "पोचला! नैर्ऋत्येचा कोपरा उचलतोय!" माझी शेड उडताना पाहून इतका आनंद दुसऱ्या कुणाला झाला नसता. स्क्रीनवर आमचं घर होतं, आमचे माड होते, पाण्याची टाकीसुद्धा होती. मागे मोकळी जागा.

"आणि तुमचं घर?"

"त्याला कशाला गणित? मी एकटाच तर आहे," ते म्हणाले आणि कोपरा कुठे बांधायचा ते दाखवू लागले.

संध्याकाळी मी वर तारा आवळत होतो आणि भाटकर खाली शिडी धरून थरथरत सूचना देत होते. सौ. म्हणाली, "अहो, आधी यांना कुणीतरी धरा. शिडी राहील आपली उभी."

दुसऱ्या दिवशी सकाळी वादळ आलं आणि दुपारी ओसरलं. पत्रे भयंकर वाजले, पण जागचे हलले नाहीत. मी मोजून पाहिले. मग भाटकरांच्या फाटकात गेलो.

"ठीक ना सगळं?"

"मजेत!" ते ओट्यावरून म्हणाले.

मी परत फिरलो आणि थोडं पुढे जाऊन थांबलो. मागे येऊन फाटक उघडलं, आत गेलो, त्यांच्या झोपाळ्यावर बसलो आणि तेच पुन्हा विचारलं.

ते अंगणात पडलेल्या झावळ्यांकडे पाहत बोलू लागले.

"तुमचे पत्रे वाजत होते तोवर बरं होतं. मध्येच आवाज थांबला. वाटलं, गणित चुकलं. गेलं सगळं." त्यांनी चष्मा काढून पुसला. "दोनदा हाक मारली तुम्हाला. आली नाही ना ऐकू?"

"नाही आली."

"वाटेतच मेली असेल," ते म्हणाले आणि त्यांनी हसून पाहिलं.

मी झोपाळ्यावर सरकून त्यांना जागा करून दिली.