ढोलीची पुढची तारीख

एका जंगलात झाडांपेक्षा हुकूम भराभर वाढत. झाडाला निदान पाणी तरी लागतं. हुकमाला राजाची झोपमोड पुरते.

तर झालं असं, मुलांनो. एका दुपारी राजा सिंह जुन्या झाडाला पाठ घासत होता. वरून एक वाळकी काटकी सुटली आणि नेमकी त्याच्या नाकावर पडली. झाड पोकळ होतं. संध्याकाळपर्यंत हुकूम निघाला: जंगलातली सगळी पोकळ झाडं प्रजेच्या जिवाला धोकादायक आहेत, सबब ती पाडावीत. प्रजेला हे ठाऊक नव्हतं. ती पिढ्यान्‌पिढ्या त्या झाडांतच राहत आली होती.

झाडं पाडायचं काम रानडुकरांकडे होतं. त्यांनी मुळं उकरली की झाड आडवं. हुकूम वाचून दाखवायचं काम चिटणीस तरसाकडे. तरसाचा चेहरा कायम हसरा, त्यामुळे वाईट बातमी तो फार छान सांगे.

एका बेहड्याच्या झाडावर धनेश पक्षी राहत होता. धनेशांची रीत तुम्हाला ठाऊक नसेल. अंडी घालायची वेळ आली की मादी ढोलीत शिरते आणि दार आतून चिखलाने लिंपून घेते. चोचीपुरती फट तेवढी ठेवते. आत तिची पिसं झडतात, त्यामुळे मनात आलं तरी उडता येत नाही. नर रोज फळं आणतो आणि फटीतून भरवतो. पिल्लांना पंख फुटले की दार फुटतं. त्याआधी झाड पडलं तर आतलं कोणी वाचत नाही.

तरस बेहड्याखाली उभा राहून हुकूम वाचू लागला, तेव्हा पिल्लं अंड्यातून बाहेर येऊन आठवडाही झाला नव्हता.

"काय म्हणतोय तो?" धनेशीण आतून म्हणाली.

"झाड पाडणार म्हणतोय."

"आणि तुम्ही चोचीत उंबर धरून ऐकत बसलात? कोर्टात जा. उंबर देऊन जा."

जंगलाचं कोर्ट तळ्यात भरे. न्यायाधीश करकोचा पाण्यात एका पायावर उभा असे. दुसरा पाय तो फक्त निकाल देताना खाली टेकवी. नियमाला फार पक्का. समोर आलेल्या बेडकालाही आधी त्याचं म्हणणं विचारी, मग गिळी.

काठावर एक म्हातारी शेकरू खार बिया फोडत बसली होती.

"तुमचं काय प्रकरण, आजी?" धनेशाने विचारलं.

"माझं नाही हो. आजोबांचं आहे. या राजाच्या आजोबांनी आमचं झाड पाडायचा हुकूम काढला होता."

"मग?"

"मग काय, चालू आहे."

धनेशाला तिची फार कीव आली. तेवढ्यात त्याचा पुकारा झाला.

"साहेब, हुकूम चुकीचा आहे," तो म्हणाला.

"असेल," करकोचा म्हणाला. "ते आम्ही बघत नाही."

आपण दुसऱ्याच तळ्यावर आलो की काय, असं धनेशाला वाटलं.

"राज्य राजाने चालवायचं असतं," करकोच्याने समजावलं. "राजाला चुकायचा अधिकार आहे. तो नियमाने चुकला की नाही, एवढंच इथे तपासतात."

"पण साहेब, एका काटकीसाठी सगळी झाडं? हे काय शहाणपणाचं आहे?"

"शहाणपणाची सक्ती नाही. अगदी ठार वेडेपणा दाखवलात तर बघू. थोडाफार चालतो."

मग त्याने तरसाकडे मान वळवली. "हुकूम काढायचा अधिकार राजाला आहे?"

"आहे, साहेब."

"काढण्याआधी राजाने विचार केला होता?"

"केला होता. नोंद आहे." तरसाने एक पान पुढे केलं. त्यावर लिहिलं होतं, 'विचार केला.' खाली पंजा.

"आणि ज्यांचं झाड, त्यांचं म्हणणं ऐकलं होतं?"

तरसाचं हसू जरा बारीक झालं. "तेवढं राहिलं."

करकोच्याचा दुसरा पाय पाण्यात टेकला. हुकूम रद्द झाला.

धनेश इतक्या आनंदात परतला की उंबर आणायचं विसरला.

"अगं, जिंकलो आपण."

"बरं झालं. पिल्लांना तेच भरवते."

शेजारच्या जांभळाच्या ढोलीत उदमांजर राहत होतं. ते धनेशापेक्षा चटपटीत. माझं प्रकरण तातडीचं आहे, असं त्याने कोर्टाला पटवलं होतं. कोर्टाने तातडी केली. सकाळी हुकूम रद्द झाला. दुपारी तरसाने उदमांजराचं म्हणणं ऐकलं. ऐकून झाल्यावर तोच हुकूम पुन्हा निघाला, या वेळी नियमाने. संध्याकाळी कोर्टाला त्यात काही खोट दिसली नाही. दुसऱ्या दिवशी धनेश तिकडून गेला, तेव्हा जांभूळ वाटेत आडवं पडलं होतं आणि उदमांजर त्यावर बसलं होतं. हातात सागाच्या मोठ्या पानांवर लिहिलेला निकाल.

"फार सुरेख लिहिलाय," ते म्हणालं. "माझं म्हणणं चौथ्या पानावर आहे. शब्दन्‌शब्द उतरवलंय."

"आणि राहता कुठे?"

"सध्या याच निकालाखाली. ऊन आलं की डोक्यावर धरतो."

त्याच दुपारी तरस बेहड्यापाशी आला आणि त्याने फटीला कान लावला.

"बाई, तुमचं म्हणणं काय ते सांगा."

"दोन महिने थांबा," धनेशीण म्हणाली. "पिल्लांना पंख फुटू देत. मग झाड न्या आणि राजाच्या नाकाला बांधा."

'म्हणणे ऐकले. विचार केला.' तरसाने पान दाखवलं. दुसरं वाक्य तो येतानाच लिहून घेऊन आला होता. मग झाडाच्या पलीकडच्या बाजूला जाऊन त्याने तोच हुकूम पुन्हा वाचला.

तरस गेल्यावर धनेश फटीपाशी आला.

"आता सगळं नियमात आलं," तो म्हणाला. "उद्या जातो आणि लवकर निकाल मागतो. काय तो एकदाचा लागू दे."

"उदमांजराला लागला तसा?"

धनेशाने आडव्या पडलेल्या जांभळाकडे पाहिलं.

"तुम्ही सांगितलीत ती शेकरू आजी राहते कुठे?" आतून प्रश्न आला.

"तिच्या झाडावर."

"कुठल्या?"

"तेच ते, आजोबांच्या..." धनेश मध्येच थांबला.

"जा," धनेशीण म्हणाली. "तिच्या पाया पडा आणि शिकून या."

दुसऱ्या दिवसापासून धनेश कोर्टात हळू बोलू लागला. फट झाडाच्या पूर्वेला आहे आणि हुकूम पश्चिमेला वाचला, असं त्याने सांगितलं. करकोचा विचारात पडला. तारीख मिळाली. तोवर झाडाला कोणी हात लावू नये, असंही ठरलं. पुढच्या खेपेला धनेश म्हणाला की म्हणणं ऐकताना तरस हसत होता. तरसाने आपला चेहराच तसा असल्याचं लेखी द्यावं, असं ठरलं. तारीख मिळाली. मग राजाने विचार म्हणणं ऐकल्यावर केला की आधी, हा मुद्दा निघाला. करकोच्याला तो इतका आवडला की त्याने त्यावर तीन तारखा दिल्या. एकदा तर तरसच आला नाही. त्या दिवशी धनेशाने त्याच्या तब्येतीची मनापासून चौकशी केली.

रोज संध्याकाळी फटीतून एकच प्रश्न येई.

"पुढची तारीख?"

"पौर्णिमेला."

"बरं. उद्यापासून दोन उंबरं जास्त आणा. धाकट्याची भूक वाढलीय."

निकालाच्या दिवशी सकाळी चिखलाचं दार फुटलं. आधी धनेशीण बाहेर आली, मग दोन पिल्लं. धाकटं फांदीवर धडपडलं, सावरलं आणि उडालं. धनेश कोर्टात उशिरा पोचला.

"हुकूम आम्हाला चुकीचा वाटतो," करकोचा म्हणाला आणि त्याने पाय टेकवला. "पण आता त्यात एकही चूक उरलेली नाही."

दुपारी रानडुकरं आली. बेहडा दोनशे वर्षांचा होता. त्याला आडवं व्हायला एक प्रहर लागला. समोरच्या उंबरावरून चौघंजण बघत होते.

"बाबा, आपण हरलो का?" थोरल्याने विचारलं.

"हो," धनेश म्हणाला. "पण वेळेवर."

पुढच्या वर्षी अंडी घालायचे दिवस आले, तेव्हा जंगलात ढोली उरली नव्हती. सगळी झाडं अगदी कायदेशीरपणे गेली होती. एकच उभं होतं, शेकरू आजीचं. आजी शेंड्याला राहायची, खालची ढोली रिकामी होती.

धनेशिणीने आत जाऊन चारी बाजूंनी चोच वाजवून पाहिली. मग डोकं बाहेर काढून वर विचारलं, "आजी, तुमची पुढची तारीख कधी?"

"पावसाळ्यानंतर गं."

धनेशीण नवऱ्याकडे वळली. "चिखल आणा," ती म्हणाली.

तात्पर्य: मुलांनो, राजाने चुकीचा हुकूम काढला तर घाबरून जाऊ नका. चूक कायदेशीर व्हायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात पिल्लांना उडायला शिकवा.