सुवर्णशिखर संकुली माती अडविली त्याची हकीकत

श्रीगजानन प्रसन्न. शके एकोणीसशे एकोणीस, ईश्वरनाम संवत्सरे, आषाढ वद्य पक्षी फरीदाबादेनजीक माती उधळली आणि ती उल्काबाई रिसबूड यांनी शर्थ करून अडविली, त्याचे साद्यंत वर्तमान येथे लिहिले आहे. कंपनीच्या पुस्तिकेत ते निराळेच लिहिले असे. परंतु गुळगुळीत कागदावर छापिले म्हणून खोट्याचे खरे होत नाही.

ते समयी दिल्लीच्या चहूंकडे नवी नगरे उठत होती. परदेशी मोटारी आल्या आणि परदेशी पेये आली, मग घरेही परदेशी दिसावीत ऐसी धनिकांची मर्जी जाहली. अरवलीच्या उतारावर सुवर्णशिखर नामे संकुल बांधावयाचे ठरले आणि तेथील मुखत्यारी अखंडित-मोबाइल-अलंकृत राजश्री भालचंद्रराव दिघे, प्रकल्पप्रमुख, मुंबईकर, यांजकडे आली. रावांनी पहिला पराक्रम झाडाझुडपांवर गाजविला. कीकर, बोरी, गवत अवघे साफ केले, मग डोंगर खोदिला आणि निघाल्या मातीचा दोन मजले उंच ढीग उताराच्या माथी रचिला. ढिगाच्या बरोबर खाली मजुरांच्या चाळीस झोपड्या होत्या. त्या रावांस दिसल्या नाहीत, काय निमित्त की हपिसात त्यांची खुर्ची दुसऱ्या बाजूस तोंड करून होती.

उल्काबाई पुण्याच्या, वय वर्षे सव्वीस, हुद्दा साइट इंजिनिअर. सरोजिनी नगरात मावशीच्या सरकारी क्वार्टरात राहत आणि दोन बस बदलून कामावर येत. एके दुपारी तासभर सर पडून गेली, आणि बाई खाली जाऊन पाहतात तो ढिगाचा पायथा वाहून झोपड्यांत शिरलेला. बेलदारांची मुकादमीण द्वारका, टीकमगडची, सासूला पाठीवर घेऊन गुडघाभर चिखलातून बाहेर येत होती. सासूला कोरड्या जागी बसवून ती म्हणाली, "मैडम, पानी तो हम झेल लेंगे. मिट्टी रोक लो."

हे शब्द बाईंच्या मनी रुतले. त्यांनी मसलत योजिली की, माथ्यावर आडवी चर खणून वरचे पाणी बाजूस वळवावे, ढिगाच्या पायथ्याशी रेतीच्या गोण्यांचा बांध घालावा, आणि शेवटी एक खड्डा करावा, ज्यात गढूळ पाणी थांबेल, गाळ तळी बसेल, मग निवळ पाणी नाल्यास जाईल. ऐसा नकाशा काढून रावांच्या मेजावर ठेविला.

रावांनी नकाशावर चहाचा कप ठेविला आणि फर्मान सोडिले की, पुढील पंधरवड्यात समारंभ आहे, परदेशस्थ गिऱ्हाइके येणार, सबब गोण्या दृष्टीस पडू नयेत. सर्व माणूस कारंज्याच्या हौदास लावावे. उतारावर हिरवळीच्या चटया अंथराव्या आणि ढिगास हिरवे कापड पांघरावे, म्हणजे लांबून टेकडी दिसेल.

बाई म्हणाल्या, "सर, ढिगाखाली माणसं राहतात."

"उल्का, यार, ड्रेनेज बघून कोणी फ्लॅट घेतं का? फाउंटन बघतात. चलो, कामाला लागा."

मग माणसे राहत होती तेथेच राहिली आणि मातीस वस्त्र मिळाले.

समारंभाच्या दिवशी सकाळीच पश्चिमेकडून आभाळ काळे होऊन आले. बाई तडक कोठारात गेल्या. कोठारावर राजाभाऊ, मूळचे ग्वाल्हेरकर, तीन पिढ्या दिल्लीस, निवृत्तीस वर्ष उरलेले. बाईंनी गोण्या मागितल्या. भाऊंनी चिठ्ठी मागितली. बाईंनी खिडकीतून आभाळ दाखविले. भाऊंनी चष्मा पुसला, बराच वेळ पुसला, आणि बोलले, "मी चहाला चाललोय. किल्ली टेबलावर आहे. मी काही बघितलं नाही, अच्छा?"

इतकी कुमक मिळताच द्वारकेने हाळी दिली, आणि चाळीस झोपड्यांतील झाडून सारी फौज फावडी-घमेली घेऊन चढली. रेती भरली, गोण्या हातोहात रचिल्या, आणि बाईंनी स्वतः कुदळ घेऊन रावांच्या नव्या हिरवळीमधून चर फोडिली. खड्डा खणावयास अवकाश नव्हता. तेव्हा बाईंनी कारंज्याच्या कोरड्या हौदाकडे बोट दाखविले आणि चरीचे तोंड त्यात सोडिले. नोकरी आज गेली ऐसे त्यांनी मनाशी धरले होते.

तो पाऊस कोसळला. त्याच क्षणी रावांची खासा स्वारी पांढऱ्या मोटारीतून दाखल जाहली. चिरलेली हिरवळ पाहून राव संतप्त जाहले, काम बंद करा म्हणून ओरडले, पावसात कोणास ऐकू येईना. मोबाइल कानी लाविला, त्यासही कोणी उत्तर देईना. मग उंचावरून हुकूम द्यावा म्हणोन हिरव्या टेकडीवर चढले. कापडाखाली माती भिजून लोणी जाहली होती. कापड निसटले आणि राव त्यावर बसूनच निघाले, ते अर्धा उतार उतरून गोण्यांच्या बांधास पायांनी थडकले. बांध तसूभर हलला नाही. सबब त्या बांधाने सर्वांआधी जे अडविले ते खुद्द भालचंद्रराव होत. मागोमाग माती आली, तीही अडली. द्वारकेने त्यांस काखेत धरून उचलिले आणि म्हणाली, "साहब, हटिए, यहाँ एक बोरी और लगेगी."

दोन घटका ऐसे युद्ध चालले. हौद काठोकाठ भरला, वरून निवळ पाणी नाल्यास लागले. झोपड्यांचे उंबरे कोरडे राहिले. दुपारी तेथे चुली पेटल्या, आणि उल्काबाईंनी द्वारकेच्या दारी बसून दोन जाड रोट्या खाल्ल्या. त्या दिवशी त्यांस दुसरे काही सुचले नाही.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. पुस्तिकेत हौदास 'निसर्ग सरोवर' नाव देऊन ते रावांच्या दूरदृष्टीचे फळ म्हटले आहे. बाईंस हिरवळ नासल्याबद्दल खुलासा मागणारे पत्र आले. त्यांनी एका ओळीत उत्तर दिले की, चर बुजवावयाची असल्यास साहेबांनी तसा हुकूम सहीनिशी लेखी द्यावा. भाद्रपद भरभरून बरसला, ढीग हलविला, झोपड्यांवरचे भय गेले, इमारतींस रंग चढला. तो हुकूम लिहिण्यास मात्र कोणी लेखणी उचलली नाही.