दुप्पट बाग

आरसेवाले बाजारपेठेतल्या काच-आरशांच्या दुकानात गिऱ्हाइकांशी बोलायला बसतात. उभ्या नोकरीत त्यांनी खरं म्हणजे एकच वाक्य विकलं आहे. "खोली लहान आहे? समोरच्या भिंतीला आरसा मारा, दुप्पट दिसेल." (घरात त्यांचं कुणी ऐकत नाही म्हणून ते दुकानात इतकं बोलतात, असं त्यांची बायको म्हणते. ती शाळेत गणित शिकवते, त्यामुळे तिच्याशी वाद घालायला आरसेवाले सहसा धजत नाहीत.)

तर अशा माणसाने बायकोच्या बागेत लक्ष घातलं, तिथेच सगळं बिनसलं.

बाग म्हणजे मागचं दार आणि कंपाउंडची भिंत यांच्यामधली दोन खाटांपुरती जागा. पण थंडी पडली की त्या एवढ्याशा जागेत पिवळी शेवंती, लालभडक साल्व्हिया आणि गुलाबी पेटुनिया अशी काही दाटी करतात की आरसेवाल्यांना टॉवेल वाळत घालायला जागा उरत नाही. भिंतीवर केशरी, कर्ण्यासारख्या फुलांचा वेल आहे. यंदा त्या वेलात चिमुकल्या पक्ष्यांच्या एका जोडीने लोंबतं घरटं बांधलं होतं. नर निळाकाळा, ऊन पडलं की चमचमणारा, वाकड्या चोचीचा. कामाच्या वेळी गायब आणि बाकी वेळ फुलाफुलावर मान वेळावत मध खाणारा, म्हणून शाळेतल्या या बाईंनी त्याचं नाव जावईबापू ठेवलं होतं. मादी साधी, मातकट आणि सतत कामात. ती अर्थात लेक.

बाईंचा जीव त्या घरट्यात अडकला होता. फुलं काय, दरवर्षी येतात. घरटं पहिल्यांदाच आलं होतं. अंड्यांतून पिल्लं बाहेर पडली त्या दिवशी त्यांनी वर्गातल्या कुणालाच गृहपाठ दिला नाही. जावईबापूही अंगाला तोशीस लावून किडे आणू लागले होते.

आणि रविवारी बाईंची थोरली बहीण येणार होती.

थोरलीची बाग बंगल्याभोवती चारी बाजूंनी पसरलेली. गेल्या वर्षी ती मागच्या दारात उभी राहून म्हणाली होती, "छान आहे गं. एवढीशीच का?" बायको हसली होती, पण रात्रीची आमटी खारट झाली होती. आरसेवाल्यांनी ती मुकाट्याने खाल्ली आणि मनाशी ठरवलं, पुढच्या वेळी बघून घेऊ.

बघून घेण्याचा त्यांना माहीत असलेला उपाय एकच. बायको शाळेत गेल्यावर त्यांनी दुकानातला, कोपरा उडालेला, पुरुषभर उंचीचा आरसा आणून शेवंतीच्या मागे भिंतीला ठोकला. दोन पावलं मागे जाऊन बघितलं आणि त्यांचं त्यांनाच भरून आलं. बाग दुप्पट! शेवंतीमागे शेवंती, साल्व्हियामागे साल्व्हिया. (मधोमध एक टकलू गृहस्थही दुप्पट झाले होते, पण त्याला इलाज नव्हता.)

संध्याकाळी बायकोने बघितलं आणि तिच्या तोंडून "अगंबाई!" असं निघालं. आरसेवाल्यांना न मागता दुसरा चहा मिळाला. संसारात असे दिवस थोडे, म्हणून त्यांनी तो चहा पुरवून पुरवून प्यायला.

सकाळी टक्-टक् आवाजाने त्यांना जाग आली.

"कोण आहे?" म्हणत त्यांनी पुढचं दार उघडलं. कुणी नव्हतं. परत टक्-टक्. पुन्हा उघडलं. तेवढ्यात मागच्या दारातून बायकोची हाक आली, आणि ती हाक काही चहासाठी नव्हती.

जावईबापू आरशाशी झुंजत होते. आपल्या बागेत, आपल्या घरट्यासमोर दुसरा एक निळाकाळा इसम छाती फुगवून उभा आहे, हे त्यांना कसं खपावं? ते चोच मारत, तोही मारी. ते पंख फिस्कारत, तोही फिस्कारी. लेक एकटीच धापा टाकत किडे आणत होती आणि घरट्यातून "आणखी, आणखी" असा चिवचिवाट चालला होता.

"बघा, काय करून ठेवलंत," बायको म्हणाली. तिचे डोळे पाणावले होते. "बाप भांडत बसलाय आणि पोरं उपाशी."

"अगं, दमला की थांबेल."

"पिल्लांना काही झालं ना, तर याद राखा. त्यांच्या आधी तुमचं जेवण बंद."

आरसा उतरवावा तर पुन्हा हातोडीच्या ठोक्यांनी घरटं हादरणार. म्हणून आरसेवाल्यांनी त्यावर पलंगावरची चादर टाकली. जावईबापूंनी क्षणभर विचार केला आणि ते अंगणातल्या स्कूटरच्या आरशावर जाऊन बसले. शत्रू तिथे लपला होता तर! आरसेवाल्यांनी स्कूटरच्या दोन्ही आरशांना आपले मोजे घातले. शत्रू स्वयंपाकघराच्या काचेत गेला. तिथे वर्तमानपत्र चिकटवलं. मग तो घासून पालथ्या घातलेल्या पातेल्यात सापडला, आणि तिथून बेडरूमच्या खिडकीत. दुपारपर्यंत घरात चकाकेल असं काही उघडं राहिलं नाही. दुप्पट बाग करायला निघालेल्या माणसाचं असलेलं घरही झाकलं गेलं.

शेजारचे कंपाउंडर कुंपणावरून बघत होते. "स्कूटरला मोजे कशाला? सर्दी झाली का तिला?"

"जावयामुळे हो," आरसेवाले वैतागून म्हणाले. "आरसा दिसला की खवळतात."

कंपाउंडर गंभीर झाले. "पण तुम्हाला तर एकच मुलगा ना? मुलगी कधी झाली?"

"झाली म्हणजे... वेलात राहते."

कंपाउंडर आणखी काही न विचारता आत गेले, आणि थोड्या वेळाने त्यांच्या घरातून डोकं शांत ठेवायच्या तेलाची बाटली आली.

रविवारी थोरली आली. येताना तिने आरसेवाल्यांसाठी स्वतः विणलेली जांभळी लोकरी टोपी आणली होती, वर मुठीएवढा गोंडा. टोपी त्यांनी हसून घेतली आणि लगेच खुर्चीवर ठेवून दिली. थोरलीने खिडक्यांवरची वर्तमानपत्रं बघितली, पालथ्या पातेल्यावरचं फडकं बघितलं आणि मागच्या दारात येऊन चादर बघितली.

"काय गं, घर सोडताय की काय?"

बाईंचा चेहरा पडला. ते बघून आरसेवाल्यांना राहवेना. सगळा दोष आपल्या डोक्यावर घ्यायचं ठरवून ते फुलांमध्ये जाऊन उभे राहिले. "ताई, मी सांगतो. चूक माझी आहे."

दोष डोक्यावर आलाच. सकाळीच त्यांनी कंपाउंडरांचं तेल चांगलं चोळून लावलं होतं, आणि ऊन नेमकं टकलावर पडलं होतं. वेलातून एक निळाकाळा बाण सुटला. टक्!

"आई गं!"

"हलू नका!" बायको ओरडली. "त्याला लागेल!"

"त्याला?"

टक्-टक्! जावईबापूंना अखेर शत्रूचा मुख्य अड्डा सापडला होता. थोरलीने प्रसंग ओळखला, खुर्चीवरची टोपी उचलली आणि मेव्हण्याच्या डोक्यावर कानांपर्यंत ओढली. शत्रू नाहीसा झाला. जावईबापू गोंड्यावर बसले, इकडेतिकडे बघितलं, पिसं नीट केली. आणि मग, जणू काही झालंच नाही अशा थाटात, शेवंतीवरचा एक किडा उचलून घरट्याकडे गेले. घरट्याच्या तोंडातून दोन पिवळ्या चोची आ करून बाहेर आल्या.

थोरली डोळे पुसत होती. आधी हसून पुसत होती, नंतर नुसतीच. "एवढी मोठी बाग माझी," ती म्हणाली, "पण आजवर एकाही पाखराने घरटं बांधलं नाही गं." बाईंनी बहिणीचा हात धरला. आमटी त्या रात्री झकास झाली होती.

पिल्लं उडेपर्यंत बागेत टोपीशिवाय जायचं नाही, असा हुकूम निघाला. एका सकाळी पिल्लं उडाली. बाईंनी चादर काढली, मोजे काढले, वर्तमानपत्रं सोलून काढली. आरसेवाल्यांनी सुस्कारा सोडून टोपीला हात घातला.

"ती राहू द्या," बायको म्हणाली.

"अगं, पण आता कुणी चोच मारायला नाही!"

"नसू दे. जांभळा रंग आपल्या बागेत नव्हताच."

तेव्हापासून कुणी पाहुणं आलं की बाई त्यांना मागच्या दारी नेतात आणि हात करून ओळख करून देतात. "ही शेवंती, हा साल्व्हिया, हा पेटुनिया. हे सगळे हंगामी. आणि हे आमचे हे. हे बारमाही आहेत. खत लागत नाही, फक्त दोन वेळा चहा घालावा लागतो."