अभिनंदन! हार्ड मोड खुला झाला आहे

हाती घेतलेले काम पूर्ण होणे ही मानवी प्रकृतीला न मानवणारी गोष्ट आहे. काम संपले की माणूस मोकळा होतो आणि मोकळा माणूस दिसला की घरचे त्याला दुसरे काम सांगतात. व्हिडिओ गेम बनवणाऱ्या मंडळींनी ही अडचण वेळीच ओळखली आणि गेम संपला तरी संपू नये अशी सोय करून ठेवली. त्यांचे उपकार फेडू म्हणता फिटायचे नाहीत.

या सोयीचा लाभ घेणाऱ्यांत आमचे चष्मेवाले अग्रगण्य होत. दिवसभर दुकानात लोकांना भिंतीवरची अक्षरे वाचायला लावायची आणि घरी येऊन राक्षसाचा किल्ला सर करायचा, हा त्यांचा दिनक्रम. घरी फक्त आई. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. "ऑपरेशन लवकर उरकून घ्या," असे डॉक्टर म्हणाले होते. चष्मेवाल्यांना ते डॉक्टरांच्याही आधी कळले होते (धंदाच तो). त्यांनी आईला शब्द दिला, "एवढा गेम संपू दे, लगेच तारीख घेतो."

"संपव बाबा," आई म्हणाली. "अर्धवट टाकलंस तर तुला चुटपुट लागून राहील."

सात महिन्यांत राक्षस पडला. नगारे वाजले, गेम बनवणाऱ्या चारशे बारा जणांची नावे पडद्यावरून सरकली. चष्मेवाल्यांनी डॉक्टरांना लावायला फोन उचललासुद्धा. तेवढ्यात अक्षरे उमटली : 'अभिनंदन! हार्ड मोड खुला झाला आहे.' त्यांनी फोन खाली ठेवला. एवढ्या अगत्याने कुणी दार उघडल्यावर पाठ फिरवणे सभ्य माणसाला शोभत नाही. (हार्ड मोड म्हणजे तोच किल्ला, तोच राक्षस, फक्त मार दुप्पट. पहिल्या खेपेचा मार अपुरा पडला असे ज्यांना प्रामाणिकपणे वाटते, त्यांच्यासाठी.)

आईला त्यांनी वाऱ्यावर सोडले असे मात्र कुणी म्हणू नये. अंतरिम उपाययोजना म्हणून तिला जाड भिंगांचा चष्मा करून दिला. हार्ड मोड संपला, टाइम अटॅक खुला झाला. म्हणजे तेच सगळे, पण घाईत. घाईला अकरा महिने लागले. आणखी जाड भिंगे. त्यानंतर 'एकच जीव'. यात मेले की पुन्हा पहिल्यापासून. चष्मेवाले एकशे सदतीस वेळा मेले.

दरम्यान आईनेही प्रगती केली. प्रथम डबे वासावरून ओळखणे, मग चहा कपात किती भरला ते आवाजावरून ठरवणे, मग जिन्याच्या अठरा पायऱ्या मोजून उतरणे. यातला एकही मोड तिने निवडलेला नव्हता आणि सोप्यावर परत जायचे बटण तिच्या बाजूला बसवलेले नव्हते. एकदा मोजताना एक पायरी चुकली आणि मनगट प्लास्टरमध्ये गेले. (तिलाही जीव एकच; तो वाचला.)

धाकटी बहीण भेटायला आली. "दादा, अरे तिनं मला आवाजावरून ओळखलं. चेहरा दिसत नाही तिला माझा!"

"शेवटचा राक्षस राहिलाय गं," चष्मेवाले कळवळून म्हणाले. कळवळा खरा होता. आईवर त्यांचा जीव होता, याबद्दल घरात कधीच दुमत नव्हते.

अखेर एका रविवारी दुपारी तो राक्षसही पडला. चष्मेवाल्यांनी हाक मारली, "आई! बघ, बघ गं!"

आई भिंत धरून आली. नगारे कुठून वाजतात याचा तिने अंदाज घेतला, कपाटाकडे तोंड करून उभी राहिली आणि म्हणाली, "छान दिसतंय रे."

चष्मेवाले तिच्याकडे बघत राहिले. बऱ्याच दिवसांनी बघत होते.

सोमवारी डॉक्टरांनी तपासले. "फार पिकलाय. तेव्हा सोपं होतं, आता अवघड आहे. एका डोळ्याची आशा धरू."

चष्मेवाल्यांना नावे ठेवण्याचा वाचकांना पूर्ण अधिकार आहे. 'एवढं वाचून होऊ दे, मग उठतो' असे मघाशी तुम्ही आतल्या खोलीत ज्यांना सांगितलेत, त्यांनाही ही गोष्ट मोठ्याने वाचून दाखवावी. त्यांना ऐकू अजून चांगले येते.