भैयाजींच्या मापाची सीट

नागपूर शहराच्या सक्करदरा भागात राहणारे आणि कार्यालयीन आसन प्रमाणीकरण कक्षातून अधीक्षक म्हणून निवृत्त झालेले श्री. भैयाजी नंदनवार यांनी उर्वरित आयुष्यात हॉट रॉड बांधायचं ठरवलं. हॉट रॉड म्हणजे काय हे घरात कोणाला ठाऊक नव्हतं. भैयाजींनाही ते मोबाइलवरूनच कळलं होतं. जुनी गाडी घ्यायची, तिचं छत कापून बसकं करायचं, बॉनेट काढून इंजिन उघडं ठेवायचं, मागे जाड चाकं लावायची आणि मग अशी गाडी जगात दुसरी नाही असं सांगत फिरायचं, असा एकूण प्रकार. काटोलच्या एका संत्रा व्यापाऱ्याच्या शेडमध्ये धूळ खात पडलेली अ‍ॅम्बेसिडर त्यांनी आणली आणि गॅरेजवाल्याकडून तिची कापाकापी करून घेतली. अशा फेरफाराला परवानगी लागते. त्यासाठी केलेला अर्ज विचाराधीन होता. पण ज्या माणसाने इतरांचे अर्ज विचाराधीन ठेवण्यात उमेदीची वर्षं घालवली, त्याला त्या शब्दाची भीती कसली असणार.

या उपद्व्यापाचं खरं कारण उमरेडला राहत होतं. त्या भैयाजींच्या सासूबाई, देवकीबाई. दोन्ही घरं विणकरांची. भैयाजींच्या वडिलांनी, काकांनी, मामांनी मागावर जन्म काढला. सहीखेरीज ज्यांच्या हाताने काही झालं नाही असे घरातले पहिले पुरुष भैयाजी. लग्न ठरलं तेव्हा देवकीबाईंनी मुलगा पसंत केला, पण सगळ्यांदेखत म्हणाल्या, "पोरगा चांगला आहे. फक्त याच्या हातानं काही बनत नाही." त्या हे केव्हाच विसरल्या असतील. भैयाजी विसरले नव्हते. सासूबाई आता नव्वदीला टेकल्या होत्या. त्यांच्या लेकीला स्वतःच्या हाताने बनवलेल्या गाडीत बसवून त्यांच्या दारात नेऊन उभं करायचं, एवढीच भैयाजींची इच्छा होती. पुष्पलताबाईंना, म्हणजे त्या लेकीला, एसटीने गेलं तरी चालत होतं. पण त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

गाडीचं बाहेरचं काम गॅरेजवाल्याने केलं असल्यामुळे ते देवकीबाईंपुढे मांडण्यात अर्थ नव्हता. आतलं सगळं, म्हणजे डॅशबोर्ड, दारांचे पॅनेल आणि दोन सीटा, भैयाजी स्वतः फायबर ग्लासचं करणार होते. त्यासाठी ते कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीत माल आणायला गेले. दुकानदाराने काचेच्या धाग्याचं कापड समोर उलगडलं. पांढरंशुभ्र, ताणा-बाणा स्वच्छ दिसणारं. भैयाजींना गहिवरून आलं. काचेचा का होईना, धागाच होता. घरात नवं कापड आलं की आधी ते गालाला लावून पाहायचं, ही त्यांनी लहानपणापासून पाहिलेली रीत. त्यांनी ते एका गालाला लावलं, मग दुसऱ्या गालाला, आणि भावनेच्या भरात मानेवरूनही फिरवलं. धंतोलीतल्या त्वचारोगतज्ज्ञांनी काचेची कुसळं रुतून सुजलेल्या चेहऱ्याला काय लावलं होतं असं विचारलं, तेव्हा भैयाजींनी 'परंपरा' असं उत्तर दिलं. डॉक्टरांनी दोन मलमं लिहून दिली.

पुढची अडचण रेझिनची. हे चिकट औषध कापडावर थापायचं, त्यात आधी हार्डनर घालायचं, म्हणजे ते वाळून कडक होतं. हार्डनर किती घालायचं हे भैयाजी ज्या गृहस्थाच्या व्हिडिओवरून शिकले, तो बर्फ पडणाऱ्या गावात राहत होता. नागपूरच्या मे महिन्यात तेवढंच हार्डनर घातल्याबरोबर वाटीतल्या रेझिनने धूर सोडला आणि ब्रशसकट त्याचा दगड झाला. भैयाजींनी प्रमाण बदललं नाही. हवामान बघून प्रमाण बदलत बसलं तर त्याला प्रमाण काहून म्हणायचं, असा त्यांचा सवाल होता. त्याऐवजी त्यांनी घरातला एकुलता एक कूलर अंगणातल्या शेडमध्ये नेला. घासलेल्या फायबरची भुकटी कूलरच्या वाऱ्याने घरभर पसरली आणि सगळं कुटुंब खाजवू लागलं. पुष्पलताबाई पोळ्या लाटता लाटता दाराच्या चौकटीला पाठ घासायला शिकल्या.

सीट हा मात्र भैयाजींच्या अधिकारातला विषय होता. नोकरीत असताना सरकारी खुर्चीचं प्रमाण माप त्यांनीच ठरवलं होतं. हिवाळी अधिवेशनाला आलेले एक उपसचिव मोकळे सापडले, त्यांना मोजलं, आणि पुढे साऱ्या विदर्भातले कारकून त्या उपसचिवांच्या मापात बसत राहिले. पाठ दुखते म्हणून तक्रारी आल्या. त्या प्रत्येक तक्रारीवर भैयाजींनी 'आसन प्रमाणित आहे, सबब कर्मचाऱ्याने आपली बसण्याची पद्धत सुधारावी' असा शेरा मारला. तो शेरा मारताना त्यांना कधी चुकल्यासारखं वाटलं नाही, हे इथे मुद्दाम सांगायला हवं.

आता प्रश्न स्वतःच्या मापाचा होता. एका जुन्या खुर्चीत त्यांनी ओल्या प्लास्टरचा ढीग केला, त्यावर प्लास्टिक अंथरलं आणि बनियनवर त्यात जाऊन बसले. प्लास्टर घट्ट होईपर्यंत हलायचं नाही, मग अंगाचा जो खळगा पडेल तोच सीटचा साचा. इतक्यात सून हिमानी फोन घेऊन आली. सासरे काहीतरी विचित्र करत आहेत आणि त्याचं रील होऊ शकतं, हे तिच्या लक्षात आलं होतं. "बाबा, इकडे पाहा ना," ती म्हणाली. भैयाजींनी तत्काळ पोट आत ओढलं, छाती पुढे काढली, खांदे मागे घेतले आणि हनुवटी वर केली. फोन समोर आला की कोणताही मराठी माणूस करतो तेच त्यांनी केलं. फरक इतकाच, की खालचं प्लास्टर त्याच वेळी गरम होऊन घट्ट होत होतं.

दुसरा साचा पुष्पलताबाईंचा. त्या चिंच फोडायचं ताट मांडीवर घेऊनच बसल्या आणि फोडता फोडता त्यांना डुलकी लागली. त्यांचं रील कोणी काढलं नाही. त्यांचा साचा ऐसपैस, एका बाजूला कललेला आणि खाली चांगलाच पसरलेला निघाला. भैयाजींना तो बघवेना. ही सीट पुढेमागे बदलायची म्हणून त्यांनी ती साध्या नटबोल्टने बसवायचं ठरवलं.

त्यांची स्वतःची सीट मात्र देखणी झाली. प्लास्टरच्या खळग्यात आतून फायबरचे थर दिल्यामुळे ती मूळ मापापेक्षा थोडी अरुंदच झाली होती, पण संत्र्याच्या रंगात अशी झळकत होती की गल्लीतले लोक बघायला आले. भैयाजी आत बसून दाखवत, सगळे वाहवा करत, मग भैयाजी उठत आणि शेडमागे जाऊन जोरजोरात श्वास घेत. पुष्पलताबाईंनी हे पाहिलं होतं.

"अहो, तुम्ही श्वास सोडून पाहिला काय त्याच्यात?"

"टेस्टिंग झालं ना वं. माप माझंच आहे. हिमानीच्या फोनमध्ये पुरावा आहे."

"माप तुमचं आहे. पण तुम्ही तसे नाही ना."

यावर भैयाजींनी शांतपणे समजावून सांगितलं, की फायबर एकदा कडक झालं की बदलता येत नाही. माणूस बदलता येतो. त्यांनी तर्री-पोहे सोडले आणि सकाळी तलावाकडे फिरायला जाऊ लागले. वाटेत तर्री-पोह्यांची दुकानं होती. शेवटी नोकरीतला जुना शेरा त्यांना आठवला आणि स्वतःची बसण्याची पद्धत सुधारायचं त्यांनी मनावर घेतलं. तोवर त्या सीटच्या मापाने डॅशबोर्डही तयार झाला. त्याची खालची कडा, आत ओढलेल्या पोटापासून चार बोटं दूर. स्टीअरिंग अगदी छातीशी. हे सगळं त्यांनी फायबरचे थर देऊन गाडीच्या सांगाड्याला कायमचं जोडून टाकलं. नटबोल्ट लावणं म्हणजे स्वतःच्या कामावर अविश्वास दाखवणं, असं त्यांचं मत होतं.

उमरेडला जायचा दिवस उजाडला. पुष्पलताबाई आपल्या सीटमध्ये बसल्या आणि बसताक्षणी त्यांना बरं वाटलं. भैयाजींनी श्वास घेतला, पोट आत ओढलं, आत शिरले आणि निघाले. एका दमात ते दिघोरीच्या चौकापर्यंत पोचले. तिथे सिग्नल लाल होता. काही वेळ त्यांनी धीर धरला, मग नाइलाजाने पोट सोडलं. पोट स्टीअरिंगवर टेकलं आणि हॉर्न वाजला. श्वास घेतला, हॉर्न थांबला. सोडला, पुन्हा वाजला. ट्रॅफिक पोलीस जवळ आला.

"काहून वाजवून राहिले काका? सिग्नल दिसत नाही काय?"

"मी वाजवून नाही राहिलो. श्वास सोडून राहिलो."

पोलिसाने त्यांना खाली उतरायला सांगितलं. पण पोट आता डॅशबोर्डच्या कडेखाली जाऊन बसलं होतं. पुन्हा आत घेतल्याशिवाय ते सुटणार नव्हतं आणि भैयाजींची ताकद संपली होती. मागे गाड्या तुंबल्या. पोलिसाने विचार केला. श्वास सोडण्यावर कोणत्या कलमाखाली चालान करायचं हे त्याला आठवेना, म्हणून उमरेडपर्यंत सावकाश श्वास घेण्याची तोंडी ताकीद देऊन त्याने गाडी सोडली.

अशा रीतीने भैयाजी नंदनवार प्रत्येक श्वासाची जाहीर वर्दी देत सासरी निघाले. ट्रकवाल्यांनी वाट दिली. पुष्पलताबाई त्या सगळ्या गोंगाटात उमरेड येईपर्यंत गाढ झोपल्या.

देवकीबाई काठी टेकत दारात आल्या. गल्ली जमली होती. "कसे आहा जवाई?" त्यांनी विचारलं. भैयाजींनी बरा आहे म्हणायला तोंड उघडलं आणि हॉर्न वाजला. देवकीबाई म्हणाल्या, "प्रवासाचे थकले असान. आत या, पाणी घ्या." पुन्हा हॉर्न वाजला. मग पुष्पलताबाईंनी खाली उतरून आईला खरं काय ते सांगितलं, आणि मेहुणा चेतन घरात जाऊन लोखंड कापायची करवत घेऊन आला. करवत हातात घेऊन तो भैयाजींच्या तोंडाकडे बघत उभा राहिला, कारण इतक्या सुंदर वस्तूला आपण होऊन हात लावायची त्याची छाती होईना.

"काप बावा," भैयाजी म्हणाले. सगळा उन्हाळा ज्या कडेवर त्यांनी हात फिरवला होता, ती त्यांच्या डोळ्यांसमोर भुगा होऊन अंगावर पडत होती. त्यांना रडावंसं वाटत होतं, पण रडण्यासाठी लागणारा श्वास परवडत नव्हता.

उभं राहून राहून देवकीबाईंचे पाय दुखायला लागले, तेव्हा लेकीने त्यांना गाडीतल्या आपल्या सीटवर बसवलं. म्हातारी टेकली, जराशी कलली आणि करवतीच्या आवाजात चक्क झोपी गेली. जावई सुटून बाहेर आला तेव्हा तिला जाग आली. तिने सीटच्या कडेवरून हात फिरवला.

"हे कोणं बनवलं वं?"

"यायनं," पुष्पलताबाई म्हणाल्या.

"चांगलं बनवलं. इथंच राहू द्या."

नटबोल्ट असल्यामुळे ती सीट सहज निघाली. आजही ती देवकीबाईंच्या ओसरीवर आहे आणि त्या दुपारभर तिच्यात झोपतात. भैयाजींना त्या दिवशी झाला तेवढा आनंद जन्मात झाला नव्हता. लाजही तेवढीच वाटली, कारण बघवत नाही म्हणून जी सीट ते बदलणार होते ती हीच.

भैयाजींना सोडवताना त्यांची स्वतःची केशरी सीटही सांगाड्यापासून कापून गल्लीत ठेवावी लागली होती. चेतनने सहज तिच्यात बसून फोटो काढायला सांगितला. फोन वर होताच त्याने पोट आत घेतलं, आणि तो तिच्यात नेमका बसला. मग एक शेजारी बसला. मग त्या शेजाऱ्याची बायको बसली. जाड, बारीक, उंच, बुटके, जो बसला तो बसला. फोटो निघेपर्यंत सीट सगळ्यांच्या मापाची होती. त्या फोटोंचं हिमानीने केलेलं रील पसरलं आणि भैयाजींच्या जुन्या कक्षाने त्याची तातडीने दखल घेतली. सीट मागवून घेऊन चाचणी म्हणून साऱ्या कर्मचाऱ्यांना आळीपाळीने सीटमध्ये बसवून त्यांचे फोटो काढण्यात आले. एकही तक्रार आली नाही. आता ती सीट सर्व कार्यालयांसाठी प्रमाणित झाली आहे. तपासणी असली की कर्मचारी तिच्यात बसतात, आणि तपासणी संपली की मागच्या स्टुलावर बसून काम करतात.

कक्षाने भैयाजींचा सत्कार केला. शाल-श्रीफळ झाल्यावर त्यांना त्यांच्याच सीटमध्ये बसायची विनंती झाली. नाही म्हणायचं असं ठरवून ते घरून निघाले होते. पण छायाचित्रकार समोर आला, आणि भैयाजी बसले. तो फोटो फार चांगला आला आहे.

ही हकिकत वाचून कोणी भैयाजींना हसलं तर त्यांची हरकत नाही. फक्त तुमच्या फोनवर स्वतःचा म्हणून तुम्ही जो फोटो लावला आहे, तो निघाला त्या क्षणी तुम्ही श्वास घेत होतात का, एवढं आठवून पाहा. आठवत नसेल, तर सीट तुमच्याही मापाची आहे.