अप्पांचा निवांतपणा तपासताना

"जगातला सगळ्यात शांत माणूस आमच्या घरात राहतो!" मी प्रयोगशाळेत छातीठोकपणे सांगून टाकलं.

आम्ही ताणाच्या हॉर्मोनवर संशोधन करतो. लाळेत तो बरोबर पकडता येतो. मॅडमना तुलनेसाठी बिनघोर माणसं हवी होती, आणि माझे सासरे अप्पा म्हणजे निवांतपणाचा अर्क! घराला आग लागली तरी आधी हातातला चहा संपवतील.

अप्पा आनंदाने तयार झाले. सकाळी उठल्याउठल्या कापसाची गुंडाळी तोंडात धरायची, कुणाशी बोलायचं नाही, मग ती नळीत टाकायची. बस्स! मी बाकीच्यांना स्वयंपाकघरात गाठून दम भरला, "आठवडाभर अप्पांना कुणी दुखवायचं नाही!"

सासूबाईंनी तर कमालच केली. अप्पांनी पलंगावर टाकलेला ओला टॉवेल त्यांनी चक्क हसत उचलला! अप्पा बघतच राहिले. संध्याकाळी नवऱ्याने टीव्हीचा रिमोट आपणहून त्यांच्या हातात दिला. अप्पांचा चेहरा उतरला. त्यात मी फोनवर मॅडमना म्हणाले, "रिपोर्ट येईपर्यंत त्यांना काही कळू देत नाही." मागे वळते तर दारात अप्पा!

दुसऱ्या दिवशी सकाळीच बेल वाजली. दारात अप्पांची बहीण! घराच्या वाटणीवरून कित्येक वर्षं अबोला धरलेल्या आत्याबाई "दादा, रात्री फोनवर असं निरवानिरवीचं काय बोललास रे!" असा हंबरडा फोडून त्यांच्या गळ्यातच पडल्या. अप्पांच्या तोंडात कापूस. ते नुसतेच डोळे पुसू लागले.

"अगंबाई, वाचाही गेली!"

"काय झालंय यांना? मला कुणी सांगितलं का नाही?" म्हणत सासूबाई मटकन खाली बसल्या.

मी घसा फोडून खुलासा केला. अप्पांनी शिस्तीत कापूस नळीत टाकला, झाकण लावलं आणि विचारलं, "म्हणजे मी मरत नाहीये?"

"नाही हो अप्पा!"

"मग हिने टॉवेल का उचलला?"

अबोला सुटला, आत्याबाई जेवूनच गेल्या.

आमच्या नळ्यांवर नावं नसतात, नुसते क्रमांक. निकाल बघताना मॅडमच्या भुवया वर गेल्या. "हा कोण गं? वाघाच्या पिंजऱ्यात राहतो की काय? कोण छळतंय बिचाऱ्याला घरी, जरा चौकशी कर."

"करते," मी म्हणाले, आणि नळ्या धुवायला घेतल्या.